ऑर्केस्ट्रात सोळा जण एकच ओळ का वाजवतात?

फेब्रुवारीत मावशीला घेऊन नरिमन पॉइंटला गेलो होतो. एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जमशेद भाभा थिएटरमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम होता. मावशी तीस वर्षं डोंबिवलीच्या एका भजनी मंडळात गाते. कान पक्का आहे, पण पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा समोर बसून ऐकायची तिची ही पहिलीच वेळ. मध्यंतरात चहाच्या रांगेत तिनं विचारलं, "अरे, डावीकडे ते एवढे व्हायोलिनवाले बसलेत ना, ते सगळे एकच वाजवतायत. मग दोघं-तिघं ठेवले तर नाही का भागणार?"

प्रश्न रास्त होता, पण रांगेत उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे व्हायोलिन म्हटलं की प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' आठवतं. एकटं, गळ्यासारखं, शब्द ऐकू यावेत असं. नाहीतर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून राग मांडणारे व्ही. जी. जोग. दोन्हीकडे वादकाची ओळख म्हणजे त्याचा स्वतःचा सूर. ऑर्केस्ट्रातला वादकही लहानपणापासून तसाच शिकतो, पण नोकरीला लागल्यावर त्याला रोज त्याच्या उलटं करावं लागतं. आपला सूर शेजाऱ्याच्या सुरात असा मिसळायचा की कुठला कोणाचा ते कळू नये. मला हे काम फार मोठं वाटतं, आणि त्याचं मोठेपण प्रेक्षकांत बसून दिसत नाही याची हळहळही वाटते.

आधी कोण कुठे बसतं ते पाहू

मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात ऐंशी ते शंभर वादक असतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक गजानं तारा वाजवणारे. साधारण हिशेब असा: पहिली व्हायोलिनं 16, दुसरी व्हायोलिनं 14, त्याहून जरा मोठी आणि खर्जाकडची व्हायोला 12, चेलो 10 आणि उभे डबल बेस 8. 'पहिली' आणि 'दुसरी' यात हुशारीचा क्रम नाही. संगीतकारानं दोन्ही गटांसाठी वेगळी ओळ लिहिलेली असते. पहिल्यांकडे बहुतेक वेळा वरची चाल येते, दुसऱ्यांकडे तिला आतून भरणारी. माझ्या मते दुसऱ्यांचं काम जास्त अवघड आहे, कारण चाल निदान लक्षात राहते. आतलं भरणं मात्र मोजत, ऐकत, क्षणोक्षणी जुळवत वाजवावं लागतं.

दोघा वादकांत नोटेशनचा, म्हणजे लिहिलेल्या सुरांचे कागद ठेवायचा, एक स्टँड असतो. या जोडीला डेस्क म्हणतात. प्रेक्षकांच्या बाजूचा वादक बाहेरचा, दुसरा आतला. पान उलटायचं काम आतल्याचं. पुढच्या वेळी हे मुद्दाम बघा. पानाची शेवटची ओळ येते, आतला वादक गज उचलतो, पुढे झुकून दोन बोटांनी पान उलटतो आणि पुढच्या सुराला परत हजर होतो. तोवर बाहेरचा एकटा दोघांचं वाजवत असतो. सेकंदभराची गोष्ट, पण सोळापैकी आठ जण क्षणभर थांबले हे हॉलमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोघा-तिघांनी का भागत नाही

पहिलं कारण आवाजाचं. तुम्हाला वाटेल, दोन व्हायोलिनं म्हणजे दुप्पट आवाज. कानाला तसं वाटत नाही. दोन वाद्यं एकत्र वाजली की आवाज जेमतेम 3 डेसिबलनं वाढतो. डेसिबल म्हणजे आवाजाची तीव्रता मोजायचं माप. कानाला 'आता दुप्पट झाला' असं वाटायला सुमारे 10 डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे एकाच्या जागी दहा वादक लागतात. समोर ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन आहेत. एक ट्रम्पेट जोरात वाजला की पाच-सहा व्हायोलिनं त्याखाली सहज दबतात.

दुसरं कारण माझ्या जास्त आवडीचं आहे. गणपतीत घरातला एकच माणूस आरती म्हणतो तेव्हा त्याचा गळा ऐकू येतो. पंधरा-वीस माणसं म्हणतात तेव्हा एक वेगळाच, रुंद, भरलेला आवाज तयार होतो. तो त्यातल्या कुणा एकाचा नसतो. प्रत्येकाचा सूर केसभर वरखाली असतो, प्रत्येकाचं अक्षर जरा पुढेमागे पडतं आणि त्या बारीक फरकांतूनच आवाजाला मऊपणा येतो. व्हायोलिनच्या गटाचं तसंच आहे. एकाचं व्हायोलिन जोरात वाजवून किंवा माइक लावून हा आवाज मिळत नाही.

आणि दोघं ठेवले तर सगळ्यात वाईट. एक जण सेकंदाला 440 कंपनांवर, दुसरा 442 वर असेल तर सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. तानपुरा लावताना दोन जोडतारा एकमेकींच्या जवळ येऊ लागल्या की जी थरथर ऐकू येते, तीच ही. तानपुरा लावणारा ती थरथर घालवेपर्यंत खुंटी पिळत राहतो. व्हायोलिनवर तर बोटाखाली पडदेच नाहीत, सूर दर वेळी नव्यानं शोधायचा, त्यामुळे दोघांत ही थरथर राहतेच. आठ-दहा जण झाले की ती एकमेकांत मिसळून जाते. म्हणून एक चालतो, पुष्कळ चालतात, दोघं मात्र खुपतात. हे मावशीला सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "बरोबर. मंडळात दोघीच आलो तर अभंग नकोसा होतो." तिचा हा पुरावा मला पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा पटला.

"मग एकानं नुसता गज हलवला तर कुणाला कळणार?"

हा प्रश्न हमखास येतो. एखादा खरंच न वाजवता बसला तर प्रेक्षकाला कळणार नाही हे खरं. पण त्याच्या डेस्कवरच्या जोडीदाराला पहिल्याच ओळीत कळेल, आणि ही मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांच्या कोपराशी कोपर लावून बसतात.

शिवाय खरी जोखीम वेगळी आहे. न वाजवणारा कुणाला ऐकू येत नाही, चुकीच्या वेळी वाजवणारा साडेतीनशे लोकांना ऐकू येतो. सगळे थांबलेत, एकदम शांतता, आणि त्या शांततेत एकाच व्हायोलिनचा सूर. या एका भीतीपायी अनुभवी वादकही मोजणं सोडत नाहीत.

मागच्या डेस्कवर बसणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. रंगमंचावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 15 मीटर धरले तर आवाज पोचायला सेकंदाचा साधारण तेविसावा भाग लागतो. ऐकायला हे काहीच नाही, पण जलद रचनेत एकेक सूर सेकंदाच्या नवव्या-दहाव्या भागात संपतो. म्हणजे दूरचं ऐकून वाजवायला गेलात तर सुराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त मागे पडलात. लांबलचक दिंडीत पुढच्या मृदंगाचा आवाज शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत उशिरा पोचतो, तसंच हे. म्हणून मागचा वादक कानावर कमी आणि डोळ्यावर जास्त भिस्त ठेवतो. एक डोळा समोर उभं राहून हातानं लय दाखवणाऱ्या कंडक्टरच्या हातावर, एक पुढच्यांच्या गजांवर आणि मनानं ऐकू येतंय त्याच्या किंचित पुढे. आपल्याच कानावर अविश्वास ठेवायला शिकणं, आणि तेही संगीतात, याला किती वर्षं जात असतील!

कंडक्टर कशाला हवा, नोटेशन तर समोर आहेच, या शंकेचं निम्मं उत्तरही यातच आलं. प्रकाश आवाजापेक्षा कितीतरी आधी पोचतो. त्याचा हात सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो.

गज एकाच दिशेला कसे जातात

सोळाच्या सोळा गज एकदम खाली, एकदम वर. पाहताना लेझीम आठवते. पण ही शोभेची गोष्ट नाही. गजाची मूठ तारेवर असते तेव्हा हाताचं वजन जास्त पडतं, टोकाकडे कमी. मुठीकडून टोकाकडे ओढलेला सूर ठाम सुरू होतो, उलट दिशेचा हळूहळू फुलतो. कुठला सूर कुठल्या दिशेनं घ्यायचा यावर वाक्याचा अर्थ ठरतो, जसा बोलताना जोर कुठल्या शब्दावर द्यायचा यावर ठरतो.

हे ठरवतो पहिल्या डेस्कवरचा बाहेरचा वादक, म्हणजे कॉन्सर्टमास्टर. कार्यक्रमाआधी सगळ्यात शेवटी येणारा, ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर सगळ्यांची वाद्यं लावून घेणारा आणि कंडक्टर ज्याच्याशी हात मिळवतो तो. गजाच्या दिशा तो पेन्सिलीनं नोटेशनवर लिहितो आणि त्या खुणा मागच्या प्रत्येक प्रतीवर उतरवल्या जातात. प्रत्येक स्टँडवर एक पेन्सिल ठेवलेली दिसेल. तालमीत एखादी दिशा बदलली की कुजबुज पुढून मागे जाते आणि सगळ्या पेन्सिली एकदम चालू होतात. पेन्सिलच, पेन नाही, कारण पुढच्या वेळी दुसरा कंडक्टर येणार आणि खोडून नवं लिहावं लागणार.

अपवादही आहे. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्स्की वादकांना मुद्दाम वेगवेगळ्या दिशांनी गज ओढायला सांगत, म्हणजे सगळ्यांचा गज एकाच वेळी वळणार नाही आणि सुरात सांधा राहणार नाही. दिसायला विस्कळीत, ऐकायला अखंड रेशीम.

कॉन्सर्टमास्टरच्या वाट्याला एकट्यानं वाजवायच्या जागाही येतात. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 1888 सालच्या 'शेहेराझाद'मध्ये गोष्ट सांगणाऱ्या राणीचा आवाज म्हणजे त्याचंच व्हायोलिन.

आणि तार तुटली तर? 1986 मध्ये अमेरिकेत टँगलवुडच्या संगीत महोत्सवात चौदा वर्षांची व्हायोलिनवादक मिदोरी एकल वादक म्हणून वाजवत होती. रचना लेनर्ड बर्नस्टाईन यांची, कंडक्टरही तेच. वाजवता वाजवता तिची सगळ्यात वरची तार तुटली. ती वळली, कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन घेतलं आणि पुढे चालू लागली. थोड्या वेळानं त्याचीही तीच तार तुटली. मग त्याच्या शेजारच्या सहायकाचं व्हायोलिन. तिचं स्वतःचं वाद्य लहान मापाचं होतं, ही दोन्ही पूर्ण मापाची, तरी तिनं रचना शेवटपर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी नाव साहजिकच तिचं झालं. मला मात्र त्या दोघांचं कौतुक वाटतं, ज्यांनी क्षणाचा विचार न करता आपलं वाद्य पुढे केलं. ही तिथली रीतच आहे. पुढच्याची तार तुटली की मागच्याचं व्हायोलिन पुढे जातं, त्याच्या मागच्याचं त्याच्याकडे आणि तुटलेलं वाद्य हातोहात शेवटच्या डेस्कपर्यंत जातं.

ही नोकरी मिळते कशी

सुरुवात बहुतेकांची पाच-सहा वर्षांच्या वयात, हाताच्या मापाच्या छोट्या व्हायोलिनवर. 'दहा हजार तास' हा शब्दप्रयोग सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो आला व्हायोलिन शिकणाऱ्यांच्याच अभ्यासातून. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थ्यांचा सराव विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तास झालेला आढळला. ती सरासरी होती. तेवढे तास भरले की नोकरी पक्की, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

मग निवड चाचणी. एका जागेसाठी शंभरावर अर्ज येणं नेहमीचं. वाजवायला मिळतात ती काही मिनिटं. मोझार्टच्या कॉन्चेर्टोचा, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा, सुरुवातीचा भाग आणि ऑर्केस्ट्राच्या रचनांमधले ठरलेले कठीण तुकडे. रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन युआन'चं पहिलं पान जवळजवळ प्रत्येक व्हायोलिनवादकानं आयुष्यात शेकडो वेळा घोटलेलं असतं.

अमेरिकेत 1970 नंतर परीक्षक आणि उमेदवार यांच्यामध्ये पडदा लावायची पद्धत पसरली. काही ठिकाणी जमिनीवर गालिचा अंथरतात, चपला-बूट काढायला सांगतात, म्हणजे टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये. 1970 मध्ये तिथल्या पाच मोठ्या ऑर्केस्ट्रांत बायका पाच टक्क्यांहून कमी होत्या, शतकाच्या अखेरीस पंचवीस टक्क्यांच्या आसपास पोचल्या. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउज यांनी 2000 साली याचं बरंचसं श्रेय पडद्याला दिलं. पुढे त्यांच्या आकडेमोडीवर शंका घेणारेही निघाले. बदल झाला हे मात्र कुणी नाकारत नाही, आणि तो किती उशिरा झाला हेही. 1882 साली सुरू झालेल्या बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये पहिली स्त्री वादक आली 1982 मध्ये. ती व्हायोलिनवादकच होती. तिथल्या कॉन्सर्टमास्टरच्या खुर्चीवर स्त्री बसायला 2023 उजाडलं.

निवड झाल्यावरही उमेदवारीचा काळ असतो, कुठे वर्षभर, कुठे दोन वर्षं. तुम्ही चांगले वाजवता हे चाचणीत कळलेलंच असतं. आता सहकारी बघतात, तुम्ही मिसळता का.

शरीराला हे सोसतं का

व्हायोलिनचं वजन अर्धा किलोही नसतं, गज साधारण साठ ग्रॅमचा. पण डावा हात वर आणि मनगट वळवून, मान कलती, उजवा खांदा सतत चालू, असं दिवसाला सहा-सात तास आणि चाळीस वर्षं. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक ऑर्केस्ट्रांच्या पाहणीत 84 टक्के वादकांनी सांगितलं की वाजवण्यात अडथळा यावा इतकं दुखणं त्यांना कधी ना कधी झालं होतं. जबड्याखाली डाव्या बाजूला पडलेला काळपट वळ तर या मंडळींचं ओळखपत्रच.

कानाचं नुकसान त्याहून वाईट, कारण ते भरून येत नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये 2012 साली वागनरच्या ऑपेराच्या तालमीत पितळी वाद्यांच्या अगदी पुढे बसलेल्या एका व्हायोलावादकाची श्रवणशक्ती बिघडली. त्यानं दावा लावला, 2018 मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला आणि 2019 मध्ये अपिलातही टिकला. आवाज हेच आमचं उत्पादन आहे, तो कमी कसा करणार, असं म्हणून आता मालकांना हात झटकता येत नाहीत. कानात बोळे, मध्ये पारदर्शक फळ्या, बसायच्या जागा आलटून-पालटून, हे सगळं वादकांच्या भल्याचं आहे. सुंदर संगीत कान बिघडवत नाही, असं मानणारे अजून भेटतात म्हणून हे जरा जोर देऊन सांगतोय.

"एकल वादक होता आलं नाही म्हणून इथे आले ना?"

मावशीनं हा प्रश्न गाडीत विचारला. मी तिला मेहली मेहतांची गोष्ट सांगितली. झुबिन मेहतांचे वडील, 1908 साली मुंबईत जन्मलेले. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आधी कॉन्सर्टमास्टर, मग कंडक्टर. 1945 मध्ये न्यूयॉर्कला जाऊन व्हायोलिनचे नामवंत शिक्षक इव्हान गॅलेमियन यांच्याकडे पुन्हा शिकले. पण मुंबईत वर्षभर पगार देणारा सिम्फनी ऑर्केस्ट्रा नव्हता. 1955 मध्ये, सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर, ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात सहायक कॉन्सर्टमास्टर म्हणून रुजू झाले. स्वतःच्या ऑर्केस्ट्रासमोर उभा राहणारा माणूस तिथले कंडक्टर जॉन बार्बिरोली यांच्या हाताकडे बघत डेस्कवर बसला. पुढे फिलाडेल्फियात कर्टिस चौकडीत, म्हणजे चार तंतुवादकांच्या गटात, दुसरं व्हायोलिन आणि 1964 पासून लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन यूथ सिम्फनी, जिथे त्यांनी तेहतीस वर्षं तरुणांना एकत्र वाजवायला शिकवलं. काही वादक मन मारून डेस्कवर येत असतील, नाकारत नाही. पण एकल वादन आणि गटातलं वादन ही दोन वेगळी कसबं आहेत. मैफलीचा गवई पट्टीचा कोरस गाणारा असेलच असं नाही, आणि उलटही.

मुंबईत ही नोकरी आजही दुर्मीळ आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकत आणि पोटासाठी मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओंत येत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांचे शिष्य. त्यांनी 1958 मध्ये भारतीय रागसंगीत आणि सिम्फनी यांची सांगड घालणारा ऑर्केस्ट्राही उभा केला होता. एका गाण्यामागे तीस-चाळीस व्हायोलिनं वाजत, त्या वाजवणाऱ्यांची नावं तबकडीवर कधी आली नाहीत. 1990 च्या दशकापर्यंत सिंथेसायझर स्टुडिओंत रुळला आणि एका माणसाच्या दहा बोटांत तो सगळा गट बसला. खरा आणि नकली यातला फरक सांगायला आरतीचं उदाहरण वर दिलंच आहे, पण निर्मात्याला बिलातला फरक आधी दिसला. कितीतरी घरांतली व्हायोलिनं तेव्हा पेटीत गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. 2006 मध्ये एनसीपीएनं खुश्रू संतूक आणि कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकारानं सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. त्यात अजूनही परदेशातून वादक बोलवावे लागतात. मुलांना शिकवायची सोय त्यांनी सोबत उभी केली, ती मला कार्यक्रमांइतकीच मोलाची वाटते.

कोणीच न वाजवलेली चाल

घरी पोचल्यावर मावशीला फोनवर एक तुकडा ऐकवला. रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या सहाव्या सिम्फनीचा शेवटचा भाग. 1893 मध्ये सेंट पीटर्सबर्गला ही सिम्फनी पहिल्यांदा झाली आणि नऊ दिवसांनी तो गेला. सुरुवातीलाच व्हायोलिनांवर एक उतरती, जड, रडवेली चाल आहे. ती कुठल्याच वादकाच्या कागदावर नाही. चायकोव्स्कीनं तिचा एक सूर पहिल्या व्हायोलिनांना दिला, पुढचा दुसऱ्यांना, त्याच्या पुढचा परत पहिल्यांना. दोन्ही गट आपापली ओळ वाजवतात, ती नुसती ऐकली तर वेडीवाकडी उड्या मारणारी वाटते. चाल तयार होते ती ऐकणाऱ्याच्या कानात. त्या काळी पहिली व्हायोलिनं कंडक्टरच्या डाव्या हाताला आणि दुसरी उजव्या हाताला बसत, म्हणजे ती चाल हॉलभर इकडून तिकडे झोके घ्यायची.

त्याच पद्धतीनं बसून केलेलं एक ध्वनिमुद्रण मी लावलं आणि मावशीच्या कानात इअरफोन घातले. तिनं डोळे मिटले, अर्धं मिनिट ऐकलं. मग मी सांगितलं तसं उजव्या कानातला काढला. तिच्या कपाळावर आठी आली. चाल मोडली होती, मधले सूर पुसट झाले होते. तिनं काही न बोलता इअरफोन परत कानात घातला आणि बोटानं खूण केली, पहिल्यापासून लाव.